ऊनोदराला मिरवणूक नाही

आमच्या हुमनाबादेत माणूस भेटला की पहिला प्रश्न जेवणाचा. कानडीत ‘ऊटा आयता?’, दखनीत ‘खाना हुआ?’, मराठीत ‘जेवलीस का गं?’ भाषा तीन, माया एकच. पन्नास वर्षं मी या प्रश्नाला सुखानं उत्तर दिलं. गेलं दीड वर्ष मात्र तो आला की मला धास्ती वाटते. कारण त्याच्या मागून दुसरा येतो, ‘एवढंच?’

माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय. लपवण्यासारखं त्यात काही नाही. साखर होती, रक्तदाब होता, गुडघे गेले होते, रात्री झोपेत श्वास अडकायचा. हैदराबादेला जाऊन करून घेतलं. यात जठराचा जवळजवळ पाऊण भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. त्या नळीत मावतं ते चहाच्या लहान कपाएवढं. डॉक्टरांचं काम दोन तासांत संपलं. माझं काम त्यानंतर सुरू झालं. मला नव्यानं जेवायला शिकायचं होतं.

पहिले दोन आठवडे नुसतं पातळ. मुगाचं पाणी, गाळलेलं वरण, पातळ ताक. मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं. मग आसट खिचडी, कुस्करलेलं पनीर, शिजवून घोटलेला दुधी. दोन महिन्यांनी परवानगी मिळाली की आता घट्ट अन्न खा. मला वाटलं, सुटले. कसली सुटले! खरी परीक्षा तिथंच होती.

ज्वारीच्या भाकरीचा पहिला तुकडा मी वरणात भिजवून पंचवीस वेळा चावला. गेला. आनंदानं दुसरा घेतला, तो सात-आठ वेळाच चावला असेन. तो छातीच्या हाडामागं अडकला. वर येईना, खाली जाईना. तोंडात फेसासारखी लाळ भरत राहिली आणि मी अर्धा तास मोरीजवळ बसून राहिले. त्या दिवशी कळलं की आता घास मोजायचा नसतो, चावणं मोजायचं असतं. पुढं एकेक कळत गेलं. मोकळ्या भातापेक्षा मऊ वरण-भाकरी बरी. आधी डाळ किंवा पनीर, मग भाजी, भाकरी सगळ्यात शेवटी. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. आणि नाक गळायला लागलं किंवा एक उचकी आली, की थांबायचं. ताटात काय उरलंय ते बघायचं नाही. उचकीनंतरचा घास म्हणजे उलटीच.

आहारतज्ज्ञ पोरगी गुणाची होती, पण तिच्या यादीत अंड्याचा पांढरा भाग, मासे, चिकनचं सूप, उकडलेला बटाटा, गाजर. मी एकेकावर काट मारत गेले. शेवटी यादीत दूध, पनीर आणि डाळी उरल्या. त्यातही द्विदल नको म्हणून डाळीत दही घालायचं नाही. तिला रोज साठ ग्रॅम प्रथिनं हवी होती. घट्ट वरणाच्या एका वाटीत सात-आठ ग्रॅम, आणि माझ्या पोटात वाटी मावते अर्धी. ज्या गुलबर्गा तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या मुलखात जन्म काढून मी पहिल्यांदा तूर मोजून खाल्ली.

आणि वर रात्रीच्या जेवणाचा त्याग. तो लहानपणापासूनचा, मला मोडायचा नव्हता. पण हिशेब करून बघा. डिसेंबरात आमच्याकडं साडेसहानंतर उजाडतं आणि सहाच्या आत मावळतं. हातात अकरा तास. त्यात सहा वेळा खायचं. खायला अर्धा तास, आधी अर्धा, नंतर अर्धा, म्हणजे दीड तास. सहा दीडं नऊ. उरलेल्या दोन तासांत दीड लिटर पाणी, तेही घोट घोट! मी पाण्याची आणि गोळीची सूट घेतली. माझ्या जबाबदारीवर घेतली आणि महाराजांना सांगूनच घेतली. ते फक्त एवढंच म्हणाले, शरीर सांभाळा. समाजातल्या बायकांना मात्र तेवढं पुरलं नाही.

चौथ्या महिन्यात एका लग्नाला गेले. ताटात थोडं वरण आणि पनीर घेऊन कोपऱ्यात बसले होते. नात्यातल्या एक काकू आल्या. ‘अगं, एवढ्यानं काय होतंय? माझ्या हातचा एक घास.’ मी हात जोडले. नको म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाले. त्यांनी हसत हसत पुरणपोळीचा तुपात भिजलेला तुकडा तोंडात कोंबला. इतक्या बायका बघत होत्या की मला थुंकता आलं नाही. गोडानं आणि तुपानं पाच मिनिटांत घाम सुटला, हातपाय कापायला लागले, आणि मांडवामागं जाऊन मी ओकले. परत आले तेव्हा कुजबुज ऐकू आली, ‘पोट कापून घेतलं की असंच. त्यापेक्षा उपास केले असते, तर वजनही उतरलं असतं आणि पुण्यही लागलं असतं.’

बायांनो, मला या वाक्याशी भांडायचं आहे.

पहिली गोष्ट. तुम्ही म्हणता, ऑपरेशन म्हणजे आळशाचा मार्ग. भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ साली अशीच शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा पेपर वाचून आमच्या घरातल्या पुरुषांनी ‘हिंमत केली’ म्हणून मान डोलावली होती. पुरुषानं केलं तर हिंमत, बाईनं केलं तर आळस? मी वीस वर्षं उपास केले. एकासनं केली, अष्टान्हिका केली, दशलक्षणात तर दोनदा दहा-दहा उपास केले. दर वेळी चार किलो उतरलं आणि पारण्यानंतरच्या महिन्यात पाच चढलं. उपास हा कर्मनिर्जरेसाठी असतो, वजनकाट्यासाठी नाही. त्याला पातळ व्हायच्या कामाला जुंपता ते तुम्ही, आणि धर्म मोडला म्हणून बोट दाखवता माझ्याकडं!

दुसरी गोष्ट. तुम्ही म्हणता, आग्रह म्हणजे प्रेम. असेल. पण ज्याला समोरच्याचं ‘नको’ ऐकू येत नाही, ते प्रेम कुणाचं पोट भरतं? आपण पाणी गाळून पितो, पाय टाकताना मुंगी बघतो, आणि शेजारी बसलेल्या बाईच्या तोंडात बळंच घास कोंबतो. तिच्या शरीराला त्यानं काय होतं ते बघतसुद्धा नाही. याला मी हिंसाच म्हणते. लहान असेल, पण हिंसाच.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. नवव्या दिवशी नववा अध्याय येतो आणि त्यात सहा बाह्य तपं येतात. पहिलं अनशन. त्याला लागूनच दुसरं, अवमौदर्य, म्हणजेच ऊनोदर. भुकेपेक्षा कमी खाणं. मूलाचारात तर माप दिलंय, पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास, स्त्रीचा २८, आणि त्यातून एक घास कमी केला तरी ते तपच. दर वर्षी आपण हे हात जोडून ऐकतो. मग अनशन करणारीला गाडीत बसवून वाजतगाजत नेतो, आणि ताटावरून लवकर उठणारीला विचारतो, ‘एवढंच?’ सूत्रात एकाशेजारी एक बसलेली ही दोन तपं. एकीला हार, दुसरीला टोमणा. असं का? कारण अनशन दिसतं. त्याचे दिवस मोजता येतात, फ्लेक्सवर छापता येतात. ऊनोदर रोज, तीन वेळा, मरेपर्यंत करायचं असतं आणि ते कुणाला दिसत नाही.

माझं ऑपरेशन म्हणजे तप नाही, एवढं मला कळतं. शस्त्रानं लहान केलेल्या पोटाला व्रताचं पुण्य लागत नाही. पण पोट लहान झालं तरी जीभ तेवढीच राहते. पुरणपोळीचा वास तसाच येतो. तेव्हा हात आवरावा लागतो तो माझा मलाच, त्याला कुठलाही डॉक्टर टाका घालत नाही.

दिसणाऱ्या तपाची किंमत काय असते, तेही आपण पाहिलंय. २०१६ साली सिकंदराबादेत १३ वर्षांची एक मुलगी ६८ दिवसांच्या उपवासानंतर गेली. पंथ वेगळा असेल, पण हैदराबाद आमच्या दारातलं. हुमनाबादेतही घराघरात चर्चा झाली. तिचा बालतपस्वी म्हणून जयजयकार झाला होता. तिला कुणी तरी ‘बाळा, आता खा’ म्हणायला हवं होतं. आपल्याला मात्र जिला खायचं नाही तिला खाऊ घालता येतं आणि जिनं खायला हवं तिला उपाशी मिरवता येतं.

आणि गंमत म्हणजे जे मला आहारतज्ज्ञांनी कागदावर लिहून दिलं, ते आपल्या म्हाताऱ्यांना पाठ होतं. दहा उपासांचं पारणं माझी आजेसासू कसं करवायची? आधी मुगाचं पाणी, चमच्या चमच्यानं. मग पातळ पेज. मग मऊ भात. भाकरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी. आणि पारणं चालू असताना घरात कुणाला आग्रह करू द्यायची नाही. ‘तिचं पोट तान्हं आहे,’ म्हणायची. तेवढं एक वाक्य माझ्यासाठी कुणी म्हणालं असतं, तर मांडवामागची ती दुपार टळली असती.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. हार नको, मिरवणूक नको. पंगतीत माझ्यासारखी कुणी बसली, आणि आता अशा बाया गावोगाव निघतील, तर वाढपी काकूंनी एकदा विचारावं आणि ‘नको’ ऐकलं की पुढं जावं. तिची वाटी अर्धीच राहू द्यावी. तिचं वजन किती उतरलं हे न विचारता बी-ट्वेल्व्हची गोळी चालू आहे का, हे विचारावं. आपण शाकाहारी, त्यात हे ऑपरेशन, ती गोळी जन्मभर चुकवून चालत नाही. आणि दशलक्षणात कुणी तिला ‘यंदा किती उपास?’ म्हणालं, तर शेजारच्या बाईनं उत्तर द्यावं, ‘तिचं रोजच ऊनोदर आहे.’

परवा त्याच काकू घरी आल्या. मी अर्धी वाटी वरण घेऊन बसले होते. त्यांनी वाटीकडं बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग पदरानं घाम पुसत म्हणाल्या, ‘सावकाश जेव.’

तेवढंच हवं होतं.