'साहेब मीटिंगमध्ये आहेत'

फेस्ट जवळ आला की स्पॉन्सरशिपची फाइल घेऊन तुम्ही कंपन्यांच्या दारात उभे राहता. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' एवढं ऐकायचं आणि परत कँटीनमध्ये. मग सीनियर्सचा सल्ला येतो, 'साहेबांनीच बोलावलंय असं ठोकून द्या.' देऊ नका. रिसेप्शनवरच्या ताई इंटरकॉमवर एकदा विचारतात, खोटं तिथेच उघडं पडतं आणि पुढच्या वर्षी ज्युनियर्सनाही तेच दार बंद. (वॉचमनकाका तर चेहरे विसरतच नाहीत.)

कुणाला आत सोडायचं हे बघणं त्यांचं कामच आहे. भलत्या वेळी फोन जोडला तर बोलणी त्यांनाच बसतात. मग सरळ त्यांनाच विचारा ना, 'मॅडम, कॉलेज फेस्टच्या जाहिरातीचं कोण बघतं? त्यांना वेळ कधी असतो?' बऱ्याचदा ते साहेब नसतातच, मार्केटिंगमधलं कुणीतरी असतं. नाव लिहून घ्या, प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि एका पानाचा प्रस्ताव ठेवा, सांगितलेल्या वेळी पुन्हा जा. अनेक कंपन्यांचं बजेट एप्रिल ते मार्च चालतं. डिसेंबरच्या फेस्टसाठी नोव्हेंबरात गेलात, तर 'पैसे संपले' हे उत्तर खरंही असू शकतं. जुलैपासूनच फिरायला लागा.

कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे मात्र यातलं काहीच लागत नाही. निर्णय घेणारा गल्ल्यावरच बसलेला असतो.