तळोज्यात चिपच्या आधी तपासणी येऊ द्या

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने पनवेलजवळच्या तळोज्यासाठी ८३,९४७ कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर प्रकल्पाला मंजुरी दिली. अदानी समूह आणि इस्रायलची टॉवर सेमीकंडक्टर ही जोडी. पुढच्याच वर्षी दोघांची बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. कारखाना यायचा तेव्हा येईल; त्याची वाट पाहत हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा पनवेलने चिपच्या तंत्राने घडणाऱ्या वस्तू तपासण्याची विद्या आधी हस्तगत करावी. तिला खर्चही तुलनेने किरकोळ.

अशी एक वस्तू म्हणजे मेटासरफेसचे चपटे भिंग. काचेवर लक्षावधी सूक्ष्म खांब उभे करायचे आणि प्रत्येकाने प्रकाशलहरीला किती मागे रेटायचे, ते ठरवून द्यायचे. २०१६ मध्ये हार्वर्डच्या फेडेरिको कपासो यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडचे (भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच!) ६०० नॅनोमीटर उंचीचे खांब वापरून दृश्य प्रकाशासाठी असे भिंग बनवले. त्यात प्रत्येक खांब किती कोनात वळवला आहे यावरून विलंब ठरतो; या युक्तीमागचे भौतिकशास्त्र शिवरामकृष्णन पंचरत्नम या २२ वर्षांच्या संशोधकाने १९५६ मध्ये बंगळुरूत मांडले होते. आपल्याकडे हे किती जणांना ठाऊक आहे?

खरी मेख तपासणीत आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक खांबांचा आकार दाखवतो, पण त्यांनी प्रकाशाला किती मागे रेटले हे सांगत नाही. खांब दिसायला सुबक आणि भिंग मात्र धूसर, असे घडू शकते. ते मोजतो होलोग्राफिक सूक्ष्मदर्शक. त्यात एक प्रकाशझोत भिंगातून जातो, दुसरा मोकळा येतो. कॅमेऱ्यावर दोघे भेटले की काळे-पांढरे पट्टे उमटतात आणि त्यांच्या वाकण्यावरून संगणक लहरीच्या विलंबाचा नकाशा काढतो. सुटा खांब यात दिसत नाही, कारण खांबांमधले अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीहून कमी असते. पण भिंगाच्या कोणत्या भागात विलंब आराखड्याबाहेर गेला, ते एकाच छायाचित्रात कळते.

हे उपकरण परदेशातूनच आणायला हवे असेही नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अरुण आनंद यांच्या गटाने अशा सूक्ष्मदर्शकाची सुटसुटीत रूपे बनवली आणि त्यांतून रक्तपेशी पाहिल्या. एका रचनेत साधी काचपट्टी नमुन्यातून आलेल्या झोताच्याच दोन प्रती करते. दोन्ही प्रती जवळजवळ एकाच वाटेने जात असल्याने हादरे दोघींना सारखेच बसतात आणि पट्टे स्थिर राहतात. कळंबोलीच्या रस्त्यावरून रात्रंदिवस कंटेनर धावणाऱ्या पनवेलला हा गुण फार मोलाचा. अट एवढीच, की नमुन्याशेजारी थोडी कोरी काच हवी. मोठ्या भिंगांना ही रचना पुरणार नाही. लहान नमुन्यांना चालेल.

साथ देणाऱ्या संस्थाही जवळच आहेत. खारघरला 'समीर' या सूक्ष्मतरंग-इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्थेचे केंद्र आहे, नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था. पवईच्या आयआयटीत नॅनोनिर्मितीची सोय आहे. अभियांत्रिकी महाविद्यालये तर पनवेलमध्ये आहेतच. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत एखादे अॅप कमी झाले आणि एक होलोग्राफिक सूक्ष्मदर्शक वाढला, तर सुरुवातीला सरकारी मंजुरीचीही गरज पडणार नाही.