घरांतील विज्ञान : अर्धवट बुजलेला नळ

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या नगरच्या वाड्यांत पाण्यावरून जो कलह माजला, तसा तो पुष्कळ वाचकांच्या घरीं होत असेल. म्हणून त्याची हकीकत सांगण्यास संकोच वाटत नाहीं. रस्त्यावरून येणारा एकच नळ आमच्याकडे खालीं स्वयंपाकघरास व वर माडीवरील न्हाणीघरास पाणी पुरवितो. सकाळीं पाणी सुटलें कीं खालचा नळ चांगला वाहे. परंतु माडीवर कोणी स्नानास बसलें आणि त्याच वेळीं खालीं नळ सोडला, तर वरची धार एकाएकीं आटे. मातोश्रींचें म्हणणें, धाकटी सून भांडीं विसळतांना पाण्याचा हिशेब ठेवीत नाहीं. मींही तिला एकदां चार माणसांत टोंचून बोललों. ती कांहीं बोलली नाहीं; पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे चार वाजतां उठून पाणी भरूं लागली.

आठ दिवसांनीं तिनें मजपुढें एक कागद ठेवला. त्यावर वरची बादली भरण्यास लागलेला वेळ टिपलेला होता : खालचा नळ बंद असतां एक, व उघडा असतां त्याच्या तिप्पट. "दादा, एकदां बाहेरची चावी तपासून पाहावी," एवढेंच ती म्हणाली. प्लंबरास बोलावून चावी उघडली, तों आंत गंज व क्षार यांचा थर बसून वाट जेमतेम एक दशांश उरलेली!

येथें कोणीही विचारील कीं, वाट इतकी बुजली होती तर पहाटे पाणी चांगलें कसें येत असे? याचें उत्तर प्रवाहाच्या स्वभावांत आहे.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञानें 1883 मध्यें कांचेच्या नळींतून वाहणाऱ्या पाण्यांत रंगाची बारीक धार सोडली. पाणी मंद वाहत असतां ती सुतासारखी सरळ राही. वेग एका मर्यादेपलीकडे जातांच ती मोडून सर्व नळींत भोंवरे पसरत. पहिल्यास शांत व दुसऱ्यास खळबळीचा प्रवाह म्हणूं. एक इंचाच्या, म्हणजे 25 मिलिमीटरच्या नळांत सेकंदास सुमारें 7 सेंटीमीटर वेगापलीकडे शांतपणा टिकत नाहीं. तेव्हां घरांतील वाहता नळ बहुधा खळबळीचाच असतो.

अशा प्रवाहास अरुंद जागा लागली कीं तेथें पाण्याचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. पलीकडे नळ पुन्हा रुंद झाला म्हणजे वेग कमी होतो, पण उतरलेला दाब सगळा परत मिळत नाहीं. कारण अरुंद तोंडांतून निघालेला झोत भोंवऱ्यांत मोडतो व त्याची शक्ति वायां जाते. हें नुकसान वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें : प्रवाह दुप्पट केला तर तें चौपट होतें, आणि नळ बंद असला तर शून्य. म्हणूनच सर्व नळ बंद असतांना दाबमापक लावला, तर अडथळ्याचा पत्ताही लागत नाहीं.

थोडें गणित पाहूं. एक इंचाच्या नळांतून मिनिटास 15 लिटर पाणी जात आहे व मध्यें तीक्ष्ण कडेचा अडथळा आहे असें समजा. अर्धी वाट बुजली असतां सुमारें 5 सेंटीमीटर उंचीच्या पाण्याइतका दाब जातो. पाऊण बुजली असतां 36 सेंटीमीटर. नऊ दशांश बुजली असतां सुमारें 3 मीटर. म्हणजे अर्धी वाट जाईपर्यंत घरांत कोणास कळतही नाहीं, आणि शेवटच्या थोड्या वाटेंत एक मजला चढण्याइतका दाब नाहींसा होतो. पहाटे एकच नळ सोडून प्रवाह निम्मा ठेवला, तर तेथील नुकसान 75 सेंटीमीटरांवर येतें व पाणी माडीवर पोंचतें. दोन नळ एकदम सुटले कीं तें वरच्या मजल्यास मुकतें. सुनेच्या कागदावर हेंच उमटलें होतें.

ज्या शहरांत हें घडलें तें (आतां त्याचें नांव अहिल्यानगर आहे) 1490 मध्यें मलिक अहमद निजामशाह यानें वसविलें. निजामशाहींत कापूरवाडी, शेंडी, वडगांव या बाजूंनीं खापरी नळांनीं पाणी शहरांत आणीत. तलावाच्या मधोमध उभा असलेला फराहबागेंतील महाल आजही त्या जलव्यवस्थेची साक्ष देतो. दूरवरच्या नळास गाळ हा एक शत्रु, आणि चढावांत कोंडलेली हवा हा दुसरा. दोन्ही वाट अर्धवट अडवितात. पुण्यास 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजहून पाणी आणलें, त्या मार्गावर जागोजाग उच्छ्वास बांधलेले आहेत. हवा निघावी व आंतील स्थिति पाहतां यावी, ही दूरदृष्टि त्यांत दिसते. आज नगरचें पाणी मुळा धरणांतून विळदमार्गें वसंत टेकडीच्या टाक्यांत येतें. पण वाड्यांतील चावीपासून पुढची काळजी ज्याची त्यानेंच घ्यावयाची.

तरी गृहस्थांनीं व गृहिणींनीं इतकें करावें : एकाच मापाची बादली घेऊन, आधीं एक नळ व मग दोन नळ सोडून वेळ पाहावा. दुसऱ्या खेपेस वेळ फार वाढला, तर अडथळ्याचा संशय धरावा व चावी, जाळी, जुने वळणाचे तुकडे तपासावे. चावी अर्धवट उघडी ठेवूं नये. वर्षांतून दोनदां ती पूर्ण मिटून पूर्ण उघडावी, म्हणजे ती अडकून बसत नाहीं.

आमच्याकडे नवी चावी बसतांच दोन्ही नळ एकदम वाहूं लागले. मातोश्रींनीं सुनेस जवळ बोलावून पाठीवर हात फिरविला. मीं तिची क्षमा मागितली, तीही चार माणसांत. टोंचून बोललों होतों तें तेथेंच ना! तो बादलीचा कागद मात्र मीं अजून जपून ठेविला आहे.