त्यांचा तो वारसा, आमचं ते कच्चं रसायन!

बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या आसपास एक आंबट बिअर बनते. नाव ग्योझ. गहू आणि बार्लीचा गरम काढा थंडीच्या रात्री उघड्या, पसरट हौदात ओतून ठेवायचा. बाहेरून यीस्ट घालायचं नाही. हवेत जे असेल ते येऊन पडेल. मग तो ओकच्या पिंपांत भरायचा. एक, दोन आणि तीन वर्षांची पिंपं चाखून मिश्रण करायचं, बाटलीत भरायचं, तिथे ते पुन्हा आंबू द्यायचं. युरोपीय संघाने १९९७ मध्ये या पद्धतीला संरक्षण दिलं. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या अख्ख्या बिअर-संस्कृतीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत बसवलं. छान झालं. आपलं काही म्हणणं नाही.

आता जरा इकडे या. शिरपूर, चोपडा, यावल... सातपुड्याच्या पायथ्याला. चैत्राच्या सुमारास मोहाची फुलं पहाटे टपटप पडतात, बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचतात, वाळवतात. पाण्यात भिजवली की ती काही दिवसांत आपोआप आंबतात. मग भट्टी लावून ऊर्ध्वपातन. पावरा-भिल्लांच्या इंदलला, लग्नाला, मयताला या मोहाची धार देवाला आणि पूर्वजांना सोडल्याशिवाय पुढचं काही होत नाही. आणि आपल्याकडच्या पेपरात ती कशी येते? "गावठी हातभट्टीवर धाड, कच्चे रसायन नष्ट." झालं! हवेतून आंबलं तर संस्कृती, फुलातून आंबलं तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९.

कुणी म्हणेल, ती बिअर, ही गाळलेली कडक दारू, तुलना कशी? बरोबर आहे. मग गोव्याची फेणी घ्या. तीही गाळलेलीच. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा-पेय ठरवलं. नाशिकच्या वाईनसाठी २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने खास धोरण आणलं, आणि २०२२ मध्ये ती सुपरमार्केटात विकायचा निर्णय झाला तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हेच, असंही आपल्याला ऐकवण्यात आलं. द्राक्ष शेतमाल, म्हणून वाईन शेतकऱ्याच्या हिताची. आणि मोह? तो बहुधा आकाशातून पडतो!

सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. तिथल्या सरकारने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून परवानगी दिली, आदिवासी बचत गटांना ती बनवू देण्याचं धोरण केलं. म्हणजे झाड तेच, फूल तेच, नातीगोतीही तीच. फक्त डोंगराच्या कुठल्या उतारावर भट्टी पेटली त्यावर तुम्ही उद्योजक की आरोपी ते ठरणार. आपल्या सरकारने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे निर्बंध उठवले, हे मात्र मान्य करायला हवं. पण वेचणाऱ्या बाईने फूल व्यापाऱ्याला विकलं तर चालेल, स्वतः आंबवलं तर गुन्हा. यातून कोणाचं भलं होतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

इथवर वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांनी जरा थांबावं. कारण याच खानदेशाने दुसरी बाजूही दाखवली आहे. १९३८ च्या आसपास तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी आदिवासींना दारू सोडायला सांगितलं आणि हजारोंनी सोडली. १९७२-७३ मध्ये शहाद्याला, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. या बाया काही परंपरेच्या शत्रू नव्हत्या. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते आणि मार आपल्या पाठीवर पडतो, हे त्यांना ठाऊक होतं. पुण्या-मुंबईत बसून मोहाचं कॉकटेल चाखत 'आदिवासी वारसा' म्हणणाऱ्यांनी आधी या मडक्यांचा हिशोब द्यावा.

आणि एक गोष्ट नीट वेगळी करू या. जळगाव-धुळ्याच्या झोपडपट्टीत पिशवीत मिळते ती बहुतेक मोहाची नसतेच. ती काळा गूळ आणि नवसागराची. तिला वारसा म्हणणं हा मोहाचाही अपमान आहे. आज कायदा दोघींना एकाच लाठीने झोडतो, म्हणून फावतं ते नवसागरवाल्याचं. उघडपणे करता येईल असं काही नसलं की चोरून करणारा जिंकतो.

मग करायचं काय? उत्तर कायद्यात आहेच. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला, गौण वनोपजाची मालकीही दिली. तो अधिकार खरोखर वापरू द्या. ज्या गावातल्या बाया मडकं फोडा म्हणतील तिथे फुटू दे. ज्या गावाला आपली मोहाची भट्टी, मोजून-मापून, शुद्धता तपासून चालवायची असेल, तिथे परवाना त्या गावालाच मिळू दे, एखाद्या डिस्टिलरीच्या मालकाला नको. आडव्या बाटलीसाठी बायांचं मतदान चालतं, तर याही निर्णयात त्यांचं मत आधी विचारा.

बेल्जियमची बिअर मोठी ठरली ती युनेस्कोमुळे नव्हे. ज्यांनी पिंपं सांभाळली त्यांच्याकडेच ती राहिली, म्हणून. मोहाचा वारसा ठरवायचा तर तोही सचिवालयात किंवा बारमध्ये नव्हे, झाडाखाली फुलं वेचणारीने ठरवावा. तिने नको म्हटलं, तर तोही वारसाच समजा.