कोपरे फाटलेले फोटो

कलात्मक छायाचित्रणाच्या आरंभकाळातली बाई म्हटलं की ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनचं नाव निघतं. कलकत्त्यात जन्मलेल्या या बाईंचं कर्तृत्व मोठंच. पण त्यांना स्वतःचा कॅमेरा मिळाला तो १८६३च्या अखेरीस. तोवर लेडी क्लेमेंटिना हार्डन यांनी लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीचं रौप्यपदक पटकावलंही होतं. पुढच्या वर्षी आणखी एक.

क्लेमेंटिनाबाईंनी १८५७च्या सुमारास आयर्लंडमध्ये, सासरच्या जमीनदारीत कॅमेरा हाती घेतला. दोन वर्षांनी कुटुंब लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या घरात आलं आणि पहिल्या मजल्यावरच्या खोल्या त्यांचा स्टुडिओ झाल्या. त्यांनी सामान जवळजवळ हलवूनच टाकलं. उरलं ते खिडकी, आरसा, एखादा पडदा, आणि वयात येणाऱ्या मुली: इझाबेला, क्लेमेंटिना, फ्लॉरेन्स. मुली कधी नाटकातल्यासारख्या नटून, कधी आरशात स्वतःकडे बघत उभ्या. खिडकीतून येणारं ऊन अर्धा चेहरा उजळतं, उरलेला अंधारात सोडून देतं. आईने काढलेले लेकींचे फोटो म्हणून ही चित्रं कौतुकाने बाजूला ठेवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. लेकी इथे ओळखीसाठी बसलेल्याच नाहीत. बाईंनी स्वतः या चित्रांना ‘स्टडीज फ्रॉम लाइफ’ म्हटलं होतं.

आणि हे काम फावल्या वेळचं नव्हे. काचेवर कलोडियन ओता, ती चांदीच्या द्रावणात बुडवा, ओली असतानाच फोटो घ्या, सुकण्याआधी धुवा. हे सगळं दहा बाळंतपणं सांभाळून! (‘हौशी’ हा शिक्का मात्र बसलाच.) जाणत्यांनी मोल ओळखलं होतं: लेखक लुइस कॅरोलने त्यांचे फोटो विकत घेतले, छायाचित्रकार ऑस्कर रेजलँडरने मृत्युलेख लिहिला.

तो लिहायची वेळ फार लवकर आली. जानेवारी १८६५मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी न्यूमोनियाने बाई गेल्या. कॅमेरॉनबाई पुढे बरीच वर्षं जगल्या, भरपूर काम केलं, स्वतःची हकिगतही लिहून ठेवली. हार्डनबाईंचे फोटो घरच्या अल्बमांतच राहिले. १९३९मध्ये, छायाचित्रणाच्या शताब्दीला, नातीने ७७५ फोटो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिले. अल्बममधून ओढून काढलेले, म्हणून बहुतेकांचे कोपरे फाटलेले. हे संग्रहालय बाईंच्या घरापासून चालत जाण्याइतकंच दूर, आणि त्या हयात असतानाच साउथ केन्सिंग्टनमध्ये उभं राहिलेलं!