हँडल लॉकच्या भरवशावर झोपलेले शहर

पुणे, प्रतिनिधी

सकाळी कामावर निघालेला माणूस जिना उतरून खाली येतो आणि रात्री जिथे गाडी लावली होती, तिथे त्याला ऑइलचे चार थेंब तेवढे दिसतात. प्रथम वाटते, भाऊ घेऊन गेला असेल. मग वाटते, शेजाऱ्याने गाडी काढताना बाजूला सरकवली असेल. गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत फेरी झाल्यावर मात्र मनातली शंका खरी ठरते. वृत्तपत्रात या घटनेला दोन ओळींची जागा मिळते: घरासमोर हँडल लॉक करून लावलेली मोटारसायकल अज्ञात चोरट्याने लंपास केली. त्या दोन ओळींमागे एका घराचे बिघडलेले गणित असते, ते सहसा छापून येत नाही.

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते. लूना आणि स्कूटर आल्या आणि पाहता पाहता ते दुचाकींचे शहर झाले. सार्वजनिक बसची वाट पाहण्यापेक्षा हप्त्यावर गाडी घेणे येथील मध्यमवर्गाला आणि कष्टकऱ्याला अधिक सोयीचे वाटले. आज प्लंबर, वायरमन, दूध टाकणारा, घरोघरी पार्सल पोहोचविणारा तरुण, शिकवण्या घेणारी शिक्षिका या साऱ्यांचा दिवस दुचाकीवर उभा आहे. अशा माणसाची गाडी गेली की त्याच दिवसापासून त्याची कमाई थांबते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. नसलेल्या गाडीचे हप्ते फेडणारी कुटुंबे प्रत्येक वस्तीत आढळतात.

‘किरकोळ’ गुन्ह्याचे परिणाम

पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत दुचाकी चोरीचे स्थान खालचे आहे. खून, दरोडा, बंदोबस्त आणि सणवार यांतून उरलेला वेळ तिच्या वाट्याला येतो. परंतु चोरलेली दुचाकी पुढे कोठे जाते, हे पाहिले तर तिला किरकोळ म्हणणे धाडसाचे ठरेल. सोनसाखळी हिसकावणारे बहुधा स्वतःच्या गाडीवरून येत नाहीत. १० जुलै २०१४ रोजी फरासखाना पोलीस ठाण्याच्या वाहनतळावर जो स्फोट झाला, त्यासाठी वापरलेली मोटारसायकल साताऱ्यातून चोरलेली होती. एका शहरात नोंदलेली साधी वाहनचोरी दुसऱ्या शहराच्या मध्यवस्तीत स्फोटाच्या रूपाने पुढे आली.

अर्थात प्रत्येक चोरीमागे एवढा मोठा कट नसतो. बरीचशी चोरी मौजमजेसाठी असते. पेट्रोल संपेपर्यंत गाडी फिरवायची आणि कोठेतरी टाकून द्यायची. यात अल्पवयीन मुलेही सापडतात. दुसरा प्रकार सुट्या भागांसाठी गाडी खोलणाऱ्यांचा. शंभर सीसीच्या साध्या मोटारसायकलींना सर्वत्र मागणी असल्याने त्यांचे भाग सहज खपतात. तिसरा आणि सर्वांत चिवट प्रकार म्हणजे गाडी आहे तशी शहराबाहेर नेऊन विकणे. या तिसऱ्या प्रकाराला चोराइतकाच गिऱ्हाईकही जबाबदार असतो, आणि त्याचा विचार आपण क्वचितच करतो.

चोराला हवी असते ती काही मिनिटांची मोकळीक

हँडल लॉक ही आपल्याकडची सर्वमान्य सुरक्षाव्यवस्था आहे. प्रत्यक्षात जोराचा झटका दिला की अनेक गाड्यांचे हँडल लॉक तुटते. वर्षानुवर्षे वापरून कुलूप झिजले असेल तर दुसऱ्याच गाडीची किल्ली लागते. इग्निशनच्या वायरी जोडून गाडी थेट सुरू करता येते. तेही जमले नाही तर साथीदार मागून दुसऱ्या गाडीवर बसून पाय लावतो आणि गाडी टोचन करून नेतो. रात्री दोन वाजता कोणी हे पाहिले तरी गाडी बंद पडलेली दिसते, असेच त्याला वाटते.

म्हणूनच अभेद्य कुलूप शोधण्यापेक्षा चोराचा वेळ वाढविणे हा प्रतिबंधाचा खरा अर्थ आहे. पुढच्या चाकाच्या डिस्कला लावायचे कुलूप किंवा चाकातून ओवून भिंतीतल्या कडीला बांधलेली जाड साखळी यांसाठी गाडीच्या किमतीच्या तुलनेत नगण्य खर्च येतो. साखळी नुसती चाकाभोवती गुंडाळून उपयोग नाही. दोघेजण गाडी उचलून टेम्पोत टाकू शकतात. ती स्थिर वस्तूला बांधलेली हवी. डिस्क लॉक लावल्याचे विसरून गाडी सुरू केली की पडण्याची भीती असते, त्यामुळे अनेकजण ते घेऊनही वापरत नाहीत. त्यासाठी कुलपापासून हँडलपर्यंत बांधायची रंगीत दोरी मिळते. ठिकाण दाखविणारे जीपीएस यंत्रही आता दुचाकीला बसविता येते. मात्र ते सहज हाती लागणार नाही अशा जागी हवे आणि त्याच्या सिमकार्डचे रिचार्ज चालू हवे. यंत्राने गाडीचा ठावठिकाणा दाखविला तरी तेथे एकट्याने धाव घेणे धोक्याचे आहे. ती माहिती पोलिसांना द्यावी.

जागा नाही, जबाबदारीही नाही

पेठांमधील वाडे बांधले गेले तेव्हा दुचाकीचा प्रश्नच नव्हता. पुढे धनकवडी, कर्वेनगर, वडगाव शेरीसारख्या उपनगरांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींत घरटी एक स्कूटर गृहीत धरली गेली. आज त्याच घरांत दोन-दोन, तीन-तीन गाड्या आहेत. उरलेल्या गाड्या फाटकाबाहेर, गल्लीत, दिव्याच्या खांबापासून दूर लागतात आणि चोराची निवड तेथूनच होते.

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रंगकाम आणि पाण्याचा पंप यांवर तासन् तास चर्चा होते. दुचाकींचा विषय निघतो तो कोणाची गाडी कोणाच्या जागेत लागली, एवढ्यापुरता. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’ असा फलक लावला की समितीचे कर्तव्य संपते. वास्तविक भिंतीलगत जमिनीपासून हातभर उंचीवर एक लोखंडी पाइप बसवला, तर साऱ्या गाड्यांना साखळी बांधण्याची सोय होते. फाटकाबाहेरचा बंद दिवा बदलून घेणे हेही कोणाच्या ऐपतीबाहेरचे काम नाही.

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांबाबत आपला समज असाच अपुरा आहे. कॅमेरा उंचावर बसविला की त्यात डोक्यावरची टोपी दिसते. चेहरा आणि नंबर दिसत नाही. फाटकातून जाणाऱ्या गाडीचा नंबर टिपेल असा निदान एक कॅमेरा खाली हवा. अनेक ठिकाणी यंत्रावरील घड्याळ चुकलेले असते, त्यामुळे पुढे तपासात आणि न्यायालयात घोटाळा होतो. जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते त्याच दिवशी उतरवून घेतले पाहिजे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. ते कोण देणार, हे समितीने आधीच ठरवून ठेवलेले बरे. आणखी एक गोष्ट: आपल्या आवारात धूळ खात पडलेली अनोळखी दुचाकी म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी चोरीला गेलेली गाडी असू शकते. तिचा नंबर पोलिसांना कळविण्याची तसदी घेतली, तर एखाद्याचा शोध तेथेच संपेल.

कागदाविना व्यवहार

चोरीची गाडी विकणाऱ्याचे ठरलेले वाक्य असते: ‘फायनान्स कंपनीने ओढून आणलेली गाडी आहे, कागदपत्रे नंतर देतो.’ निम्म्याहून कमी किमतीत चालू गाडी मिळते, म्हणून घेणारा फारशी चौकशी करीत नाही. आपण चोरीत सामील आहोत असे त्याला वाटतही नाही. पण एखादी वस्तू चोरीची असल्याचे मानण्यास कारण असतानाही ती अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. खुद्द चोरीसाठी कलम ३०३ मध्ये पहिल्या वेळी कमाल शिक्षा तेवढीच आहे.

हा व्यवहार गावोगाव खपून जातो, त्याचे कारण आपल्या प्रामाणिक व्यवहारांतही आहे. जुनी दुचाकी विकताना कोऱ्या फॉर्मवर सह्या करून द्यायच्या, पैसे घ्यायचे आणि विषय संपवायचा, ही सुशिक्षितांचीही रीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. ते न केल्याने एकच गाडी चार हातांतून फिरते आणि कागदावर पहिल्याच मालकाचे नाव राहते. अशा गाडीने अपघात केला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे.

जेथे निम्म्या गल्लीची कागदपत्रे दुसऱ्यांच्या नावावर असतात, तेथे चोरीची गाडी वेगळी कशी दिसणार? कागदाविना गाडी चालविणे नेहमीचे झाले की चोरट्याला लपण्याची आयती जागा मिळते.

वास्तविक खातरजमा आता फारशी अवघड राहिलेली नाही. एम-परिवहन या ॲपवर नंबर टाकला की गाडीचा तपशील दिसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेवर गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे पाहता येते. चासिस क्रमांक सांगाड्यावर कोरलेला असतो. तो आणि इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. क्रमांकाच्या जागी घासल्याच्या खुणा दिसल्या तर व्यवहार तेथेच थांबवावा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. महाराष्ट्रात त्याआधीच्या वाहनांसाठी ३१ मार्च २०२५ ही पहिली मुदत होती, ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. या प्लेटवर लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो आणि तिचे कुलूप तोडल्याशिवाय ती निघत नाही. प्लेटमुळे चोरी थांबणार नाही. पण सर्व गाड्यांना ती असेल तर साधी प्लेट लावलेली गाडी नाकाबंदीत चटकन नजरेत भरेल.

तक्रारीपासून मुद्देमालापर्यंत

गाडी गेल्यावर पहिला अडथळा तक्रारीचा असतो. ‘दोन दिवस शोधा, मग या’ असा सल्ला अनेकांना मिळतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच गुन्हा नोंदविणे बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्येच दिला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवून घेतली पाहिजे. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. येथे एक गल्लत टाळावी. वस्तू हरवल्याची ऑनलाइन नोंद आणि चोरीचा गुन्हा या वेगळ्या गोष्टी आहेत. विमा कंपनी मागते तो गुन्ह्याचा प्रथम खबरी अहवाल.

दुसरा धक्का विम्याचा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा विमा मिळतो, तो तृतीय पक्षाचा. त्यात चोरीची भरपाई नसते. चोरीसाठी लागणारा स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुधा एकच वर्षाचा असतो आणि ‘पाच वर्षांचा विमा आहे’ या समजुतीत त्याचे नूतनीकरण राहून जाते. विमा असला तरी गाडीच्या वयानुसार घसारा वजा होतो. चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी तो ५० टक्के असतो. गाडीवर कर्ज असेल तर मिळालेल्या रकमेवर पहिला हक्क कर्ज देणाऱ्याचा. दोन्ही किल्ल्या सादर कराव्या लागतात, म्हणून हरवलेल्या किल्लीची नोंद वेळीच करून ठेवावी. गुन्हा तातडीने नोंदविला असेल तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळविले म्हणून दावा फेटाळता येणार नाही, हे २०२० मध्ये गुरशिंदर सिंग खटल्यात ठरले आहे.

आणि समजा, गाडी सापडली, तरी ती घरी येईपर्यंत आणखी एक परीक्षा असते. पोलीस ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेले मुद्देमालाचे ढीग कोणालाही दिसतात. जप्त वाहने दीर्घकाळ तेथे ठेवू नयेत, छायाचित्रे आणि पंचनामा करून ती हमीपत्रावर मालकाला द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई खटल्यात २००२ मध्ये सांगितले. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्येही अशा मालाची यादी, चित्रण आणि विल्हेवाट यांसाठी मुदती घालून दिल्या आहेत. नागरिकाने न्यायालयात अर्ज करण्यात चालढकल करू नये आणि पोलिसांनी त्याला त्याची माहिती स्वतःहून द्यावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

गाडी चोरीला गेल्यास

- ११२ क्रमांकावर लगेच कळवा. नंबर, रंग, चासिस क्रमांक जवळ ठेवा.
- प्रथम खबरी अहवालाची प्रत घ्या. ती विनामूल्य मिळते.
- विमा कंपनी, कर्ज देणारी संस्था आणि परिवहन कार्यालयाला लेखी कळवा.
- परिसरातील कॅमेऱ्यांचे चित्रण त्याच दिवशी जतन करण्यास सांगा.

साखळीचे दुसरे टोक

दुचाकी चोरीवर उपाय म्हणून रात्रीची गस्त वाढवावी, अशी मागणी प्रत्येक वेळी होते. ती रास्त आहे. पण रात्री प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी शिपाई उभा राहू शकत नाही, हे मागणी करणाऱ्यालाही ठाऊक असते. गाडीला एक साखळी बांधली की चोराची दहा मिनिटे वाढतात. जुन्या गाडीचा व्यवहार वेळेत परिवहन कार्यालयात नोंदवला की चोरीच्या गाडीला खपण्याची एक जागा कमी होते. पहिली गोष्ट आपण स्वतःच्या गाडीसाठी करू. दुसरीने वाचणारी गाडी कदाचित दुसऱ्याच कोणाची असेल, आणि म्हणूनच ती करायची राहून जाते.