भंगारातली वीज आणि आपल्या मुली

विज्ञान प्रदर्शनासाठी हल्ली मुलं भंगारातून टेस्ला कॉइल करतात. पीव्हीसी पाइपवर बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे, जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला ट्रान्झिस्टर. पूर्वी ठिणगीची फट लागायची, आता तो ट्रान्झिस्टरच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. मग हातातला सीएफएल वायरशिवाय उजळतो. बघत राहावं असंच!

पण मुलीने हे मागितलं की, "तुला कशाला नसते उद्योग?" मुलाला मात्र कौतुकाने स्क्रू ड्रायव्हर. अहो, १८९१ च्या सुमारास ही कॉइल बनवणारा निकोला टेस्ला आपल्या कल्पकतेचं श्रेय आईला द्यायचा. ती शाळेत गेलेली नव्हती, पण घरातली अवजारं स्वतः घडवायची.

माझा विरोध आहे तो भंगारातल्या मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरला. सुमारे २,००० व्होल्ट, म्हणजे जिवाशी खेळ. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचंही तेच. म्हणून सुटे भाग जाणकाराकडूनच काढून घ्यावेत. मुलगा असो वा मुलगी, १२ व्होल्टची छोटी कॉइल करू द्या, शिक्षक जवळ असू द्यात. आणि हो, पेसमेकर बसवलेल्या आजोबांना तेवढं लांब बसवा.